अंतूच्या घरचा वारा

दुसऱ्याच्या आयुष्यावर येऊ घातलेले संकट आपल्याला ठाऊक असावे आणि त्या दुसऱ्याला नसावे, ह्याहून अवघड जागा माणसाच्या वाट्याला क्वचितच येते. सांगावे तर त्याची झोप आपण हिरावून घेतो. न सांगावे तर त्याचा निर्णयच हिरावून घेतो. झोप उशिरा का होईना परत येते. निर्णयाची वेळ एकदा टळली की टळलीच. हे संजीवनीला कळत नव्हते असे नाही. कळूनही ती गप्प राहिली; आणि ती का गप्प राहिली हे समजून घेतल्यावाचून तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही.

बदलापूरच्या पश्चिमेला मांजर्लीत तिचे घर. नवरा हरिचंद्र, मुलगा सुयोग, आणि जुन्या गावातून अधूनमधून येऊन राहणारी हरिचंद्रची वृद्ध आत्या विठा, एवढीच माणसे. हरिचंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात होता. हातातून वस्तू निसटू लागल्या तेव्हा त्याने काम सोडले, आणि गावाने ह्या सोडण्याचा मान राखला. कारण त्याच्या अंगात वारा आला होता.

हा वारा त्या कुळाचे भूषण होता. नदीकाठच्या गावदेवीचे झाड अंतूच्या घरातच उभे राहते, अशी तिथली श्रद्धा. झाड म्हणजे ज्याच्या देहात देवी वस्तीला येते तो माणूस. अंतू हा हरिचंद्रच्या आजोबांचा बाप. तो कोठूनसा खाडीकडून येऊन बदलापुरात स्थिरावला, आणि त्याच्यापासून प्रत्येक पिढीत चाळिशी ओलांडली की घरातल्या कोणाची तरी बोटे आपोआप हलू लागत. मग खांदे उडत, मान झटके घेई, आणि चाल अशी होई की जणू पायांना दुसराच कोणी ताल धरायला लावतो आहे. अन्यत्र देवी घटकाभर येते आणि निघून जाते. ह्या घरात ती आली की जात नसे. देह झोपेल तेव्हाच काय ती स्वस्थ होई. लोक ह्याला अधिकच मोठी कृपा समजत. नवरात्रातल्या अष्टमीला झाडाला पाटावर बसवून शाल-श्रीफळ देत आणि त्याच्या थरथरत्या पावलांवर डोके ठेवीत.

संजीवनीचे लग्न ठरले तेव्हा सासरा बबन पाटावर होता. "देवीचं घर आहे," असे तिच्या वडिलांना सांगण्यात आले, आणि ते कृतार्थ झाले. पुढे त्याच बबनला अंथरुणावर पाण्याचा घोट गिळता येईना. तो हाडांचा सापळा होऊन गेला, तेव्हा विठा म्हणाली, "देवीनं पुरता जवल केला त्याला." संजीवनीने ते ऐकले आणि मानले. हरिचंद्रच्या हातून पहिली कपबशी फुटली त्या सकाळी तिने त्याला खुर्चीत बसवून त्याचे पाय धुतले, अंगठ्यांना कुंकू लावले. तो तिच्याकडे विचित्र नजरेने बघत होता. तिला वाटले, ती देवीची नजर.

सुयोगला त्याच्या कंपनीने काही महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवले होते. तिथल्या सोबत्यांनी गंमत म्हणून आपापली थुंकी नळीत भरून वंशतपासणीसाठी पाठवली, त्यानेही पाठवली. तो परत आल्यावर निकाल आला. रक्त जवळजवळ सगळे ह्याच मातीतले, फक्त एक कणभर अंश युरोपचा.

"आई, अभिनंदन! तू गोऱ्यांच्या घरात पडलीस," सुयोगने मोबाइल तिच्यापुढे नाचवला.

"तुझ्या पप्पांकडे बघ आणि मग बोल."

खुर्चीतून हरिचंद्रचे जड शब्द एकेक करून आले. "तरी म्हटलं... मला पाव... एवढा का आवडतो."

विठा पापड लाटत होती. ती लाटणे रोखून म्हणाली, "मेल्या, तू थय काम कराला गेलेलास का थुकाला?"

सगळे हसले. त्या घरातले ते शेवटचे निर्भय हसणे ठरेल, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

थोड्याच दिवसांत त्या तपासणीमार्फत रूथ नावाच्या बाईचा संदेश आला. ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारी निवृत्त शिक्षिका. सुयोगच्या रक्ताचा तो परका कण तिच्या रक्ताशी जुळत होता. तिने लिहिले की अमेरिका इंग्रजांची वसाहत होती त्या काळात तिचा मूळ पुरुष समुद्र ओलांडून तिथे आला. त्याच्या गावच्या चर्चमध्ये मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी अजून आहेत. एका मुलापासून रूथचे घराणे चालले. दुसरा, नॅथनिएल, खलाशी झाला आणि मुंबईच्या बाजूला येऊन नाहीसा झाला. ठाण्याच्या खाडीपलीकडच्या एका जुन्या चर्चशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. तुम्हाला तिथे जाऊन येता येईल का, असे तिने विनवले होते.

एका रविवारी सुयोग आईला घेऊन तिथे गेला. संजीवनीला हे सारे यात्रेसारखे वाटत होते. तिने डब्यात घावणे घेतली होती. पांढऱ्या केसांच्या फादरनी पिवळी पाने अतिशय जपून उलटली आणि पोर्तुगीज ओळींवर बोट ठेवीत त्यांचा अर्थ मराठीत सांगितला. बाप नॅथनिएल, परदेशी खलाशी; आई जनी, ह्याच गावची; मुलाचे नाव आंतोन. त्या आंतोनच्या नातवाचेही नाव आंतोन ठेवलेले होते, आणि त्याच्यापुढे कोणी तरी लिहिले होते, की हा बदलापूरकडे गेला, पुन्हा प्रार्थनेला आला नाही.

"आंतोन म्हणजे आमचा अंतू," सुयोग पुटपुटला.

फादर संजीवनीकडे वळले. "तुमच्याकडे बारशाला काही वेगळं करतात का हो?"

तिने आठवून सांगितले. "नाव कानात सांगायच्या आधी बाळाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवतात. आत्याबाई सांगतात, अंतूपासूनची रीत आहे."

फादरनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे पूर्वी बाप्तिस्म्याला ठेवत. धर्म बदलला, गाव बदलला, नाव बदललं. बघा, मीठ तेवढं राहिलं."

एवढ्या दुरून आलेली एवढी लहान गोष्ट आपण आपल्या हातांनी सुयोगच्या जिभेवर ठेवली होती, ह्या विचाराने संजीवनीचे डोळे भरून आले. आणखीही काही दुरून आले असेल, हा विचार तिला शिवला नाही.

सुयोगने हे सारे रूथला कळवले. तिचे उत्तर दुसऱ्या संध्याकाळी आले. घटस्थापना चार दिवसांवर होती. अष्टमीला हरिचंद्रला प्रथमच विधिपूर्वक पाटावर बसवायचे होते, आणि त्याच दिवशी देवीसमोर सुयोगची सुपारी फुटायची होती. मुलगी पायल, अंबरनाथ पश्चिमेची, सुयोगच्याच पसंतीची. तिचे वडील धर्मराज आधी जातीपातीवरून कुरकुरत होते. देवीचे घर म्हटल्यावर मऊ झाले.

सुयोग संदेश मराठी करून मोठ्याने वाचत होता. "लिहितेय, फार आनंद झाला... नॅथनिएल सापडला... 'मी हौस म्हणून वंशावळ शोधत नाही. ज्यांच्याशी माझं रक्त जुळतं त्या प्रत्येकाला मला एकच प्रश्न विचारायचा असतो. तुमच्या घरात कोणाचं...'"

तो थांबला.

"कोणाचं काय?"

"काही नाही. नमस्कार लिहिलाय सगळ्यांना."

संजीवनीने त्याचा चेहरा पाहिला आणि पुढे विचारले नाही. विचारण्याची भीती वाटावी असा तो चेहरा होता.

सकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली, तर सुयोग ओट्यापाशी पाठमोरा उभा. काठोकाठ चहा भरलेला पेला त्याने हात लांब करून धरला होता आणि तो श्वास रोखून चहाकडे बघत होता. त्याला तिची चाहूल लागली असावी. मान न वळवता त्याने विचारले, "आई, हा चहा हलतोय का? खरं सांग."

"नाही रे," ती म्हणाली. तिने पेल्याकडे पाहिलेच नव्हते.

मग त्याने तिला सगळे सांगितले. रूथचा प्रश्न होता, तुमच्या घरात कोणाचे अंग हलते का? तिचा भाऊ पन्नाशीत गेला; आधी बोटे, मग खांदे, मग चाल, आणि शेवटी पाण्याचा घोट उतरेना. ह्या आजाराला हंटिंग्टन म्हणतात. तो रक्तातून उतरतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. नाणे उडवावे तशी. औषध नाही. त्यांच्या त्या मूळ पुरुषाबद्दल वसाहतीतल्या पाद्र्याने लिहून ठेवले होते, की ह्याचे अंग ह्याच्या स्वाधीन राहिले नाही, आणि गावाने सैतान शिरला म्हणून ह्याला दूर केले.

तिथे सैतान म्हटले. इथे देवी म्हटले. देह मात्र दोन्हीकडे एकाच तऱ्हेने झिजला.

"पप्पांना..." संजीवनीच्या तोंडून एवढेच आले.

"पप्पांना, आजोबांना. आणि मला... आठ आणे."

"तुला काही नाही. तुझे हात बघ किती स्थिर आहेत."

"पप्पांचेही माझ्या वयात होते, आई." त्याने पेला ओट्यावर ठेवला. "पायलला सांगायला हवं."

इथे संजीवनीचा पाय घसरला. मुलाचे घर उभे राहावे ह्या एका वासनेने तिला घेरले. ती म्हणाली, "सुपारी फुटू दे. मग तपासू, मग सांगू. आत्ता सांगितलंस तर ती माणसं उंबऱ्यात उभी राहायची नाहीत. तुला एकट्याला टाकून मी मरू कशी?" भ्यालेल्या माणसाला कोणी तरी वाट दाखवलेली हवी असते. सुयोगने मान डोलावली.

भिंतीपलीकडे हरिचंद्रची खुर्ची होती. ती अखंड करकरत असे. त्या वेळी हरिचंद्र उठून भिंतीशी आला होता आणि ती थांबली होती, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तीच जाणे. मुलाच्या हातातून चमचा वाजला की ती हातातले काम टाकून वळे. कुलपात किल्ली एकदा चुकली की ती जिन्याकडे धावे. तो झोपला की त्याच्या उघड्या तळव्याकडे पाहत बसे. आणि मग आठवे, की झोपेत तर हरिचंद्रचेही हात शांतच असतात. नवऱ्याच्या पायांना कुंकू लावायला ती वाकली की डोळे वर करीत नसे. पायलचा फोन आला, "काकू, अष्टमीला हिरवी साडी चालेल ना? मम्मी म्हणते लालच पाहिजे," तर "तुला शोभेल ती नेस गं," म्हणून तिने घाईने फोन ठेवला. पुढे हिला कोणाच्या तोंडात पाणी चमच्याने घालावे लागेल, हे चित्र डोळ्यांपुढून हटेना. ते करण्यात संजीवनीची स्वतःची वर्षे जायची होतीच. पण तिला विचारले कोणी होते? आणि आता ती तरी कोणाला विचारत होती?

अष्टमी उजाडली. गावदेवीसमोर ढोल लागला. हरिचंद्रला दोघांनी धरून पाटावर बसवले. त्याची मान उडत होती, खांदा मागे जाई, ओठ मुडपत. विठाने त्याच्या कपाळी मळवट भरला. तिच्या जुन्या चेहऱ्यावर पराकाष्ठेचे समाधान होते. भाऊ गेला होता, भाचा उभा राहिला होता. सुपारीचे ताट देवीच्या पायरीवर तयार होते.

धर्मराज पुढे झाले. त्यांनी शाल पांघरली, नारळ पुढे ठेवला, दंडवत घातला. "पायल, ये. पड पाया. असं घर शोधून मिळत नाही."

पायल हिरव्या साडीत वाकली. तिचे हात टेकणार एवढ्यात हरिचंद्रने पाय मागे ओढले. देहाच्या त्या बेबंद हालचालीत ही एक हालचाल त्याने स्वतः केलेली होती, आणि ती सगळ्यांना निराळी दिसली.

"ढोल... थांबवा."

ढोल थांबला.

"पोरी, पाया पडू नको. हा... देवीचा वारा नाही."

"हरी!" विठा किंचाळली. "जीभ झरंल तुजी!"

"झडू दे, आत्या. ती... झडतेच आहे." मागे कोणी तरी हसले आणि लगेच गप्प झाले. हरिचंद्रने पायलवर नजर ठेवण्याचा प्रयत्न केला. मान ती ठेवू देईना. "देवी आली असती... तर मला भीती वाटली नसती. मला पहिल्या दिवसापासून... भीती वाटते. पहिला कप फुटला... तेव्हापासून. बापाला पाणी गिळता येईना... म्हणून तो रडत गेला. आई कधी लेकराला... पाण्यासाठी रडवते का?"



"आजार आहे. रक्तातून येतो. सुयोगलाही असेल... नसेल. ते तुला ठाऊक असू दे. मग... सुपारी फोडायची ती फोड."

संजीवनीने डोळे मिटले. इतके दिवस ज्या क्षणाला ती भीत होती तो येऊन उभा होता. भीती होतीच. पण पाठीवरचे काही तरी उतरल्यासारखेही झाले. ती पहिली कपबशी, ते धुतलेले पाय, ती विचित्र नजर तिला आठवली. ती देवीची नजर नव्हती. नवरा तिच्याकडे मदत मागत होता आणि तिने त्याला कुंकू लावले होते.

धर्मराजांनी सुपारीचे ताट उचलले. ते रागावले नाहीत, ही त्यांची थोरवी म्हणावी लागेल. पायलला दंडाला धरून ते निघाले. लोक पांगले. पाटापुढे एकटा नारळ राहिला.

दसरा होऊन गेल्यावर पायल एकटीच मांजर्लीला आली. ती दारातच उभी राहिली.

"काकू, एक विचारू? तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी सुपारी फोडू देणार होतात."

"हो." खोटे बोलण्याचे बळ संजीवनीत उरले नव्हते. "मला भीती वाटली, बाळ. तो एकटा पडेल ह्याची."

"आणि माझं काय?"

  संजीवनीने पायलकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

बऱ्याच वेळाने पायल आत येऊन बसली. हरिचंद्रच्या पुढ्यातला चहा गार झाला होता. ती त्याला म्हणाली, "काका, थँक यू. पप्पा अजून टेन्शनमध्ये आहेत, मम्मी रडतेय. पण तुम्ही बोललात ते बरं केलंत." मग सुयोगकडे वळून, "तुझी अपॉइंटमेंट कधी आहे?"

"सोमवारी. मुंबईला. आधी पप्पांचं रक्त घेणार, मग मला डॉक्टर समजावून सांगणार, विचारणार की खरंच जाणून घ्यायचंय का."

"घ्यायचंय?"

"कधी वाटतं हो. कधी वाटतं, नकोच."

"मी येते बरोबर. हे बघ, मी हो म्हटलेलं नाही. नाहीपण म्हटलेलं नाही. नुसती येतेय."

सोमवारी सकाळी विठाही जुन्या गावातून आली. अष्टमीपासून तिने ह्या घराचे तोंड पाहिले नव्हते. ती भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ हरिचंद्रच्या उडत्या खांद्याकडे बघत राहिली.

"सुयोग, त्या गोऱ्या बाईचा भाऊस कसा गेला रं?"

"गिळता येईना म्हणून, आजी."

"बबन पन तसाच," ती हळूच म्हणाली. "आनि मी म्हंगला, देवीनं जवल केला." पदराने तिने डोळे टिपले नाहीत; तशीच उठली, स्वयंपाकघरातून मूठ भरून आणली आणि सुयोगला म्हणाली, "आ कर."

तिने त्याच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. मग हरिचंद्रच्या. मग दाराशी चपला घालणाऱ्या पायलपुढे तिचा हात आला आणि अडखळला.

"मला नको, आजी," पायल म्हणाली. "अजून नाही."

"बरा," विठा म्हणाली. तिने उरलेला खडा पदराच्या टोकाला बांधला. "ठेवते. मीठ नासत नाय."

संजीवनीने हरिचंद्रचा हात धरला. तो हात तिच्या हातात उडत होता. तिने तो थांबवण्याचा प्रयत्न केला नाही. जिन्याच्या वळणावर सुयोगने आपली बोटे एकदा डोळ्यांसमोर धरली. पायलने ती पाहिली, आणि मुकाट्याने दुसऱ्या बाजूने हरिचंद्रला आधार दिला.

सुयोगच्या रक्तात जे असेल ते असो. ते कळेल तेव्हा त्याच्या शेजारची जागा रिकामी नसो. पायलचे हो किंवा नाही तिचे स्वतःचे असो, आणि दोन्हींनी तिला शांतीच लाभो. समुद्रापलीकडे प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्या रूथला कोणी तरी लिहो, की प्रश्न पोचला. आणि जी आई लेकराला कधी भिववीत नाही, ती नदीकाठची देवी हरिचंद्रच्या झोपेतली स्वस्थता त्याच्या जागेपणालाही थोडी थोडी देवो.